डोंगरवाडीचे ताट



या व्यासपीठावर साहित्य, संगीत, अध्यात्म यांवर बोलणारे विद्वान येऊन गेले. आम्ही पडलो शाळा अर्धवट सुटलेले, संघटनेच्या कामात वाढलेले. तेव्हा आम्ही आज शेवळांवर बोलणार आहोत. हसू नका, शेवळांपासून निघून मजुरीपर्यंत जायचे आहे.

मृगाच्या सरी पडल्या की आपल्या पनवेलच्या बाजारात प्रबळगड-माथेरानच्या अंगच्या ठाकूर-कातकरी बाया शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. जुडीबरोबर चार हिरवी फळे देतात, ती काकडे. शेवळ जात्याच खाजरे; काकडाचा आंबट रस पडला नाही तर घसा धरतो. आपण त्यात कोलंबी नाहीतर खिमा घालतो आणि बोटे चाटतो. कडूकंदाचे काम याहून जिकिरीचे. चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या, मग टोपलीत भरून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, तेव्हा कडूपणा उतरतो. एवढा खटाटोप कोणी चवीसाठी करीत नाही. कणगी रिकामी झाली म्हणजे करतो.

कणगीत काय असते? डोंगरउतारावरची नाचणी आणि वरी. या उतारांना आपल्या जिल्ह्यात दळी म्हणतात. इंग्रजी अमदानीत जंगलखात्याने त्या कसायला दिल्या, मालकीने मात्र दिल्या नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या नाचणी पिकवणाऱ्याला आपला हक्क मांडायला २००६ चा वनहक्क कायदा यावा लागला. नाचणीचे पीठ रात्री कालवून आंबवले की सकाळी आंबील. भाकरीबरोबर सुकट भाजून घेतली की जेवण झाले. २०२३ हे साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून पाळले, आणि नाचणीची बिस्किटे सुंदर वेष्टनांत दिसू लागली. ग्रीस देशातल्या डोंगरी लोकांचा उकडलेला रानपाला, होर्ता, आज जगभर नावाजला जातो. आमच्या टाकळ्या-कुर्डूला तो मान नाही, असो.

पेयाचे सांगायचे तर मोहाचे नाव घेतलेच पाहिजे. सभागृहात काही मंडळी अस्वस्थ झाली! मोहाचे फूल उन्हाळ्यात गळते. ते वाळवून, भाजून, उकडून खातात. बियांचे तेल निघते. आणि दारूही निघते. सरकारला त्यातली दारूच तेवढी दिसली. १८७८ च्या अबकारी कायद्याने ताडीच्या झाडावर कर बसला, आणि १८९२ च्या मोहरा कायद्याने ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुले बाळगण्यावरच निर्बंध आले. सरकारी दुकानाची दारू खपावी म्हणून गरिबाच्या घरातले अन्न गुन्ह्यात जमा झाले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता मजुरीकडे येतो. पावसाळ्यात शेतावरचे काम संपते, धान्य संपते, तेव्हा वीटभट्टीचा मुकादम वाडीवर येतो. तो तांदूळ देतो, थोडे रोख देतो. याला खावटी म्हणतात. दिवाळी सरली की कुटुंबच्या कुटुंब भट्टीवर निघते आणि पाऊस तोंडाशी येईपर्यंत विटा पाडून ती खावटी फेडते. हिशेबाची वही मुकादमाची, आकडाही त्याचाच. वेठबिगारी कायद्याने १९७६ साली गेली. वही गेली नाही. आम्ही भट्टीवर बसून हे हिशेब उलगडले आहेत. नवराबायकोने पाडलेल्या विटा एकट्या नवऱ्याच्या नावावर आणि उचल मात्र दोघांच्या डोक्यावर, असा प्रकार डोळ्यांनी पाहिला आहे.

यात ताटाचा संबंध असा. मोहाचे फूल गळते तेव्हा बाई भट्टीवर असते. फूल वेचायला कोणी नाही, बी फोडायला कोणी नाही. मुलगी विटा उलटायला शिकते. कडूकंद कोणत्या वेलीखाली असतो, ते तिला दाखवणार कोण? रानातून जे फुकट मिळत होते तेही मग वाण्याकडून विकत घ्यावे लागते, म्हणजे पुढच्या आषाढात खावटी थोडी वाढते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. पावसाळ्याचे धान्य वाडीवर वेळेवर, रेशनवर मिळावे. भट्टीवरचा हिशेब बाईच्या नावाने वेगळा आणि लेखी असावा. दळीचे दावे लवकर निकाली निघावेत. आणि बाजारात शेवळांची जुडी घेताना आपण दहा रुपयांसाठी जी घासाघीस करतो, तिच्याबद्दलही आम्हांला बोलायचे होते; पण अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे.