टॉकीजचे झाले पुस्तकांचे दुकान

आमच्या तालुक्याच्या गावी एक टॉकीज होती. लहानपणी तिकिटासाठी आम्ही तिथे उन्हात रांग धरायचो. पुढे ती पाडली. आता तिथे दुकानांचे गाळे आहेत. जुनी एक वीटही उरली नाही. काळापुढे कोणाचे चालते, असे मी म्हणायचो. पण एक हकिगत वाचली, आणि माझे मत बदलले. तीच आज सांगतो.

दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिना नावाचा देश आहे. ब्यूनस आयर्स ही त्याची राजधानी. तिथे १९१९ साली मॅक्स ग्लुक्समन या व्यापाऱ्याने एक मोठे नाटकगृह उभारले. त्याचे नाव ग्रँड स्प्लेंडिड. हजारभर माणसे बसतील एवढे ते मोठे. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. म्हणून वरच्या घुमटावर शांततेचे चित्र रंगवले.

पुढे त्याचे चित्रपटगृह झाले. आधी चित्रपट मुके असत. पडद्यावर मधूनमधून अक्षरे येत. ज्याला वाचता येत नसे तो शेजाऱ्याला विचारी, "काय लिहिलंय हो?" १९२९ साली इथे बोलपट आला. मग विचारायची गरज उरली नाही.

पण दिवस सारखे राहत नाहीत. घरोघर टीव्ही आला. टॉकीजची गर्दी ओसरली. ही इमारत पाडायची बोलणी सुरू झाली. तेव्हा २००० साली पुस्तके विकणाऱ्या एका कंपनीने ती भाड्याने घेतली. खुर्च्या काढल्या, पुस्तकांची कपाटे मांडली. बाकी सारे राखले. घुमटावरचे चित्र आहे, सज्जे आहेत, रंगमंचाचा लाल पडदाही आहे. रंगमंचावर आता लोक कॉफी पितात. नाटक पाहायला श्रीमंत लोक ज्या कोनाड्यांत बसत, तिथे आज कोणीही बसून पुस्तक चाळतो. २०१९ साली 'नॅशनल जिओग्राफिक'ने हे जगातले सर्वांत सुंदर पुस्तकांचे दुकान ठरवले.

पाहा मंडळी, दुकाने इथेही झाली आणि तिथेही झाली. आपण आधी पाडले. त्यांनी आधी विचार केला.

गावात एखादी जुनी चावडी किंवा धर्मशाळा ओस पडली असेल. कुदळ मारण्याआधी चार जणांनी बसावे. भिंती धड आहेत का ते पाहावे. तिला दुसरे काय काम देता येईल, ते ठरवावे. एखादे कपाट आणि शंभर पुस्तके एवढ्यावरही सुरुवात होते. आता तुम्हाला वाचता येते. "काय लिहिलंय हो?" असे शेजाऱ्याला विचारायचे दिवस गेले. वाचायला बसायला जागा मात्र हवी.