शंभर नावं लिहून देण्याआधी

(कल्याण येथे नोकरी शोधणाऱ्या तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यापैकी बऱ्याच जणांना असा फोन आला असेल : ‘तुमचा बायोडाटा शॉर्टलिस्ट झालाय, फायनान्शियल अॅडव्हायझरची जागा आहे, उद्या मुलाखतीला या.’ मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण दोन नोकऱ्यांच्या मधल्या काळात अशा एका मुलाखतीला मी ठाण्यात जाऊन आलोय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण ही पद्धत एकाच कंपनीची नाही.

माझ्या डिग्रीबद्दल एकही प्रश्न झाला नाही. विचारलं ते असं : मुंब्र्यात किती वर्षं राहता? मामा, चाचा, खाला किती? जमातीत ओळख कशी आहे? मग एक कोरा कागद पुढे आला. ‘ओळखीच्या शंभर जणांची नावं लिहा, नंबरसकट.’ पगाराचं विचारलं तर उत्तर मिळालं, ‘इथे कमाईला मर्यादा नाही.’ महिन्याला ठरलेली रक्कम मात्र शून्य होती. मी कागद कोराच परत केला आणि घरी येऊन हिशेब मांडला.

समजा, एका पॉलिसीचा वर्षाचा हप्ता २०,००० रुपये आणि पहिल्या वर्षाचं कमिशन २५ टक्के. एका पॉलिसीमागे ५,००० मिळतील. महिन्याला २५,००० हवे असतील तर दर महिन्याला पाच पॉलिस्या, वर्षाला साठ. शंभर नावांतले दहा जण ‘हो’ म्हणाले तर ५०,००० झाले. म्हणजे आपले सगळे नातेवाईक दोन महिन्यांत संपले. तिसऱ्या महिन्यात कोणाचं दार वाजवणार?

म्युच्युअल फंडाचा हिशेब याहून सावकाश चालतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये सेबीने सुरुवातीलाच मिळणारं कमिशन बंद करायला सांगितलं. आता रक्कम गुंतलेली राहील तोवर थोडं थोडं मिळतं. कोणी महिन्याला २,००० ची एसआयपी केली तर वर्षात २४,००० जमा होतात. त्यावर पाऊण टक्का धरला तरी वर्षाचे १८० रुपये. ज्याच्या घरात दुसरी कमाई आहे, तोच यात पहिली काही वर्षं टिकतो.

‘अॅडव्हायझर’ हा शब्दही तपासून घ्या. सेबीच्या २०१३ च्या नियमांनुसार गुंतवणूक सल्लागार म्हणून काम करायला नोंदणी लागते आणि त्याची फी ग्राहक देतो. कंपनीकडून कमिशन घेणारा तो वितरक किंवा एजंट. त्याच्यासाठी वेगळ्या परीक्षा आहेत : विम्यासाठी आयसी-३८, म्युच्युअल फंडासाठी एनआयएसएमची, आणि नंतर अॅम्फीचा एआरएन क्रमांक.

हे काम कमी प्रतीचं आहे, असं मी म्हणत नाही. १९५६ मध्ये एलआयसी स्थापन झाली, तेव्हापासून आयुर्विमा घरोघर पोचवला तो एजंटांनीच. घरातला कमावता माणूस गेल्यावर क्लेमचे कागद भरायला येणारा एजंट तुम्हीही पाहिला असेल. बहिणींसाठी डिसेंबर २०२४ मध्ये एलआयसीने विमा सखी योजना आणली. तिच्यात पहिल्या वर्षी महिन्याला ७,०००, दुसऱ्या वर्षी ६,००० आणि तिसऱ्या वर्षी ५,००० रुपये मानधन आहे. पण तीही पगारी नोकरी नाही, आणि पुढच्या वर्षांचं मानधन आधी विकलेल्या पॉलिस्या चालू राहण्यावर ठरतं.

माझी काळजी वेगळी आहे. आपल्या मोहल्ल्यांत बँकेच्या माणसापेक्षा शेजारच्या मुलाच्या शब्दावर विश्वास जास्त. कंपनीला हवा असतो तो हाच विश्वास. सहा महिन्यांनी तुम्ही काम सोडता, पण खालाची वीस वर्षांची पॉलिसी मागे राहते. तिने दोन हप्ते भरून थांबवलं तर भरलेले सगळे पैसे परत मिळत नाहीत. तिला कंपनीचं नाव आठवत नाही, तुमचं आठवतं. बेंगळुरूच्या आयएमएचं प्रकरण लक्षात असेल. ‘हलाल नफा’ म्हणत लोकांचे पैसे गोळा केले आणि जून २०१९ मध्ये सगळं कोसळलं. तो गुन्हा होता आणि विमा विकणं हा कायदेशीर धंदा आहे. पण दोन्हीकडे माणसं सही करतात ती ओळखीवर, म्हणून जपून राहायचं.

तेव्हा मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. हे नेमणूकपत्र आहे की एजन्सीचा करार? पीएफ कापला जाणार का? ठरावीक रक्कम किती आणि किती महिने? गेल्या वर्षी घेतलेल्यांपैकी आज किती जण काम करतात? विकलेल्या पॉलिस्यांपैकी तेराव्या महिन्यात किती चालू असतात? समोरच्या मॅनेजरची कमाईही तुमच्या विक्रीवर अवलंबून आहे का? प्रशिक्षणासाठी डिपॉझिट मागितलं तर तिथूनच परत या.

आणि काम घेतलंच, तर पहिल्या दिवसापासून दोन नियम पाळा. जी पॉलिसी स्वतःच्या आईसाठी घेणार नाही, ती दुसऱ्याच्या आईला विकायची नाही. प्रत्येकाला सांगायचं की पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. हे सांगून चार गिऱ्हाईकं गेली तरी चालतील. उरतील ती पुढची वीस वर्षं तुमच्याकडे येतील.

कोणाकडे असं पत्र आलं असेल तर कार्यक्रमानंतर घेऊन या, सही करायच्या आधी आपण बसून वाचू.