चौकट आधी मोजा, यंत्र मग घ्या

(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात मी कामाचा अहवाल वाचतो. आज अहवाल बाजूला ठेवून एका यंत्राविषयी बोलणार आहे. त्यात माझी एक कबुलीही आहे.

तुमच्यापैकी अनेकांना ठाऊक आहे, की सुरगाणा तालुक्यात आमच्या खोलीमागे मी दोन मधपेट्या ठेवल्या आहेत. तो माझा छंद. माशी सातेरी, म्हणजे आपल्या डोंगरातली, झाडाच्या ढोलीत राहणारी. माझ्या पेट्या पाहून पाड्यावरच्या सात कुटुंबांनीही पेट्या ठेवल्या. पहिली दोन वर्षं आम्ही पोळं कापून, फडक्यात पिळून मध काढत होतो. मध गढूळ यायचा, त्यात मेणाचा चुरा आणि परागकण असायचे. मुख्य नुकसान वेगळंच होतं. एक किलो मेण करायला माशांना कितीतरी किलो मध खर्ची घालावा लागतो. आपण पोळं पिळलं, की त्यांचं घरही गेलं आणि ते पुन्हा बांधण्यात हंगामाचे चांगले दिवसही गेले.

यावर उपाय म्हणजे मध काढायचं यंत्र. १८६५ साली फ्रान्झ रुश्का नावाच्या मधपाळानं ते जगापुढे आणलं. पिंपात चौकटी गरगर फिरवायच्या, मध भिंतीवर उडतो, खाली उतरतो आणि तोटीतून बाहेर येतो. पोळं अखंड राहतं, ते पेटीत परत ठेवलं की माशा लगेच भरायला लागतात.

तेव्हा यंत्र घ्यायचं ठरलं. तीन वर्षांपूर्वी हंगामाच्या उपकारस्तुतीच्या वेळी तुम्ही त्यासाठी भरभरून दिलंत. खरेदी मी केली आणि चूकही मीच केली.

दुकानात मला आठ चौकटींचं, झगझगीत स्टीलचं यंत्र दिसलं. चाकाच्या आऱ्यांसारख्या चौकटी लावायच्या, दोन्ही बाजूंचा मध एकदम निघतो. मला वाटलं, देणगीदारांना दाखवायला शोभेल. चौकट कुठल्या मापाची लागते, हे मी विचारलं नाही. ते यंत्र इटालियन माशीच्या मोठ्या पेटीसाठी होतं. आमच्या मधकोठीची चौकट जेमतेम वीतभर लांब आणि चार बोटं उंच.

पहिल्या दिवशी सारा पाडा जमला. एका मावशीच्या चौकटी आधी लावल्या. त्या खाचांत बसेनात, म्हणून मी सुतळीनं बांधल्या आणि हँडल फिरवलं. तिसऱ्या फेरीत सुतळी सुटली. चौकटी आपटल्या आणि जांभळाच्या बहरातली कोवळी पोळी तुटून तळाशी लगदा झाला. त्या मधावर मावशीच्या मुलीची वसतिगृहाची फी भरायची होती. मावशी एक शब्द बोलल्या नाहीत. शेजारी उभे असलेले काका म्हणाले, "भाऊ, माशी आपली बारकी, तिचं घर बारकं, आणि यंत्र आणलंस बैल जुंपायचं."

त्या मुलीची फी मी भरली. पण त्या तिमाहीत याच पत्रिकेत मी काय लिहिलं? "मध काढण्याचे यंत्र कार्यान्वित झाले." बंधुभगिनींनो, ते खरं नव्हतं. यंत्र सहा महिने गोणपाटाखाली पडून होतं. देवशास्त्राच्या पदविकेत बेअरिंग आणि गिअर शिकवत नाहीत, पण खरं बोलायला शिकवतात. तुमची क्षमा मागतो.

पुढं मी ते यंत्र इटालियन माशी पाळणाऱ्या एका मधपाळाला विकलं. किंमत कमी आली, तो फरक माझ्या पगारातून पाच हप्त्यांत भरला. त्याचा हिशेब खजिनदारांकडे आहे, कुणीही पाहावा. त्या पैशात चार चौकटींचं, हातानं फिरवायचं लहान यंत्र आणलं. गेले दोन हंगाम सातही कुटुंबं आणि मी तेच वापरतो.

तुमच्यापैकी काहींनी घराच्या गच्चीवर किंवा बागेत पेटी ठेवण्याविषयी मला विचारलं आहे. त्यांच्यासाठी, आणि दुसरीकडे असं यंत्र दान देऊ इच्छिणाऱ्यांसाठी, मी शिकलो ते सांगतो.

पहिलं, आपली मधकोठीची चौकट हातात घेऊन दुकानात जा आणि ती जाळीत बसवून पाहा. आपल्या माशीसाठी लहान पेटी हवी, हे दक्षिण भारतात न्यूटन नावाच्या एका पाद्रींनी १९११ ते १९१७ या काळात ओळखलं होतं. त्यांच्या नावाची पेटी आजही वापरात आहे. त्यांनी आधी माशी पाहिली, मग पेटी केली. मी उलटं केलं.

दुसरं, दोन-चार पेट्यांना आऱ्यांचं मोठं यंत्र लागत नाही. चौकटीची सपाट बाजू भिंतीकडे राहते, असं साधं यंत्र पुरतं. त्यात एक बाजू काढून चौकट उलटावी लागते. पहिली बाजू सावकाश फिरवून अर्धी रिकामी करा, चौकट उलटून दुसरी बाजू पूर्ण काढा, मग पुन्हा पहिली संपवा. एकदम जोरात फिरवलं, तर आतल्या बाजूच्या मधाच्या वजनानं पोळं फुटतं. समोरासमोरच्या चौकटी सारख्या वजनाच्या ठेवा, नाहीतर पिंप नाचतं.

तिसरं, धातू. मध आंबट असतो. जस्ताच्या पत्र्याचं यंत्र स्वस्त मिळतं, पण मधात जस्त उतरतं. अन्नासाठीचं चांगलं स्टील घ्या, जाळीसुद्धा स्टीलचीच. सांध्यांवरून बोट फिरवून पाहा, मध अडकेल अशी फट नको. तळ तोटीकडे उतरता हवा आणि तोटी जमिनीपासून इतकी उंच, की खाली बरणी बसेल. गिअर धातूचा असावा आणि त्याचे सुटे भाग जवळच्या गावात मिळावेत. आमच्याकडे वीज कधी असते, कधी नसते, म्हणून हातानं फिरवायचंच बरं.

चौथं, उत्तम यंत्रही कच्चा मध पिकवू शकत नाही. चौकटीचा तीन-चतुर्थांश भाग माशांनी मेणानं बंद केल्याशिवाय ती काढू नका. मधात पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांपेक्षा जास्त नसावं असा नियम आहे. कच्चा मध आंबतो. पिल्लांच्या कोठीतल्या चौकटी तर यंत्रात कधीच घालू नयेत. काम बंद खोलीत करा. उघड्यावर केलंत, तर आसपासच्या सगळ्या माशा लुटीला येतात.

आणि शेवटचं, एक-दोन पेट्या असतील तर यंत्र विकतच घेऊ नका. वर्षात ते दोन-तीन दिवस लागतं, बाकीचे दिवस कोपऱ्यात धूळ खातं. सात-आठ घरांत एक पुरतं. आमच्याकडे यंत्र मावशींच्या घरी असतं. कोण केव्हा नेणार ते त्या ठरवतात, आणि धुऊन कोरडं करून परत आणलं नाही तर मलाही बोलणी बसतात.

गेल्या उन्हाळ्यात मावशींनी आपल्या चार चौकटी स्वतः फिरवल्या. एकही पोळं तुटलं नाही. त्या रिकाम्या चौकटी त्याच संध्याकाळी पेटीत परत गेल्या. मुलीची फी या वर्षी त्यांनीच भरली. पावती मला दाखवायला आणली होती.

आज मी नव्या यंत्रासाठी पैसे मागायला उभा नाही. मागणं एवढंच आहे, की यापुढे मी लिहिलं, "अमुक वस्तू घेतली," तर मला पत्र लिहून विचारा: ती कोण वापरतं? कुणाच्या घरी असते? घेण्याआधी वापरणाऱ्याला विचारलं होतं का? तुम्ही असं विचारलं असतंत, तर मावशींचा तो हंगाम वाचला असता. यापुढे जरूर विचारा. मी खरं उत्तर देईन.