लायका आणि व्योममित्र



बेंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये संगणक-व्यवसायाच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत. तेथील घरांत फरशी झाडणारे गोल यंत्र बॅटरी उतरली की आपणहून जागेवर परतते. ‘दमला बिचारा,’ असे आजी सहज म्हणून जाते आणि नातू विचारतो, ‘आजी, हा जिवंत आहे का?’ प्रश्न बाळबोध असला, तरी उत्तर सोपे नाही.

सजीवांची लक्षणे शाळेत पाठ होतात : हालचाल, वाढ, श्वसन, चेतनाक्षमता, पुनरुत्पादन. परंतु एकेक लक्षण सुटे घेतले की ते फसवते. ज्योत वाढते, ऑक्सिजन घेते, एकीवरून दुसरी पेटते. तरी ती सजीव नव्हे. खेचराला सहसा संतती होत नाही. तरी ते सजीवच. जगदीशचंद्र बोस यांनी १९०२ सालच्या आपल्या ग्रंथात वनस्पतींबरोबर धातूंच्याही विद्युत-प्रतिसादाच्या नोंदी दिल्या. म्हणजे केवळ प्रतिसाद हाही जीवाचा पुरावा ठरत नाही.

मग संभाषण? ॲलन ट्युरिंग यांनी १९५० साली यंत्राच्या विचारशक्तीची परीक्षा संभाषणातून घेण्याची कल्पना मांडली. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा संगणकीय कार्यक्रम प्रसिद्ध केला. समोरच्याचेच वाक्य प्रश्न करून परतविणे, एवढेच त्याचे मुख्य कसब. तरीही माणसे त्याच्यापाशी मन मोकळे करू लागली आणि खुद्द निर्माताच अस्वस्थ झाला. आजची कृत्रिम बुद्धिमत्ता कितीतरी समर्थ आहे. मानवी लेखनाच्या अफाट साठ्यावर शिकून ती पुढचा पुढचा शब्द निवडते. पण ‘मला दुःख झाले’ हे वाक्य रचता येणे आणि दुःख होणे, यांत अंतर आहे.

ते अंतर दोन अंतराळ-मोहिमांतून स्पष्ट होते. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी सोव्हिएत संघाने लायका नावाची कुत्री अवकाशात पाठविली. तिच्या परतीची सोयच नव्हती. यानातील उष्णता वाढून काही तासांतच तिचा अंत झाला. त्या कार्यात सहभागी असलेले शास्त्रज्ञ ओलेग गाझेन्को यांनी पुढे उघडपणे खेद व्यक्त केला. जानेवारी २०२० मध्ये बेंगळुरूतच इस्रोने ‘व्योममित्र’ ही अर्धमानवाकृती सादर केली. ती बोलते आणि यानातील स्थितीवर लक्ष ठेवून इशारा देऊ शकते. गगनयानाच्या मानवरहित उड्डाणासाठी तिची योजना झाली, ती माणसाचा जीव धोक्यात घालण्यापूर्वी यानाची परीक्षा व्हावी म्हणून. ती हरवली तर श्रम आणि पैसा वाया जाईल; परंतु तिचे स्वतःचे काहीही जाणार नाही. लायकाचे सर्वस्व गेले.

सजीव देह क्षणोक्षणी स्वतःला घडवीत, सावरीत असतो. तो सांभाळला नाही तर त्याचे अस्तित्वच संपते. म्हणून त्याला भूक आहे, भय आहे. आजच्या यंत्राला असे गमावण्यासारखे काही नाही. ते बंद करून पुन्हा चालू करता येते. उद्या एखादे यंत्र खरोखर सोसू लागले, तर प्रश्न नव्याने विचारावा लागेल आणि कसोटी हीच राहील.

खंडेनवमीला मराठी माणूस अवजारांची पूजा करतो. कर्नाटकात आयुधपूजेला वाहनांना हार पडतात. ती कृतज्ञता आहे, अवजाराला जीव असल्याचा दाखला नव्हे. यंत्राविषयी ममता वाटण्यात गैर काही नाही. मात्र ती ममता जिवंत माणसाच्या वाट्याची नसावी. ‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला. त्याचे चेक भाषेतील मूळ वेठबिगारीचे. एचएसआर लेआउटच्या रस्त्यांवर भर पावसात, मोबाइलवरील मिनिटे मोजत डबा पोचविणारा तरुण दारात उभा राहतो. त्याला पाणी विचारावे, हे ज्या मुलाला आपसूक सुचते, त्याला सजीव आणि निर्जीव यांतील भेद कळला, असे खुशाल समजावे.