मार्केट यार्ड ते यशवंतसागर

पुणें शहर एके काळीं सायकलींचें शहर म्हणून देशभर ओळखलें जात असे. कचेरींतील कारकून, शाळेंतील मास्तर, दुधवाला, खडकीच्या कारखान्यांतील कामगार, महाविद्यालयांत जाणारे विद्यार्थी व विद्यार्थिनी, या सर्वांचें वाहन एकच होतें. आज तें वाहन शहरांत रस्त्याच्या कडेला रेटलें गेलें आहे. तथापि त्याचें सुख नाहींसें झालें असें मात्र नव्हे; तें शहराच्या वेशीबाहेर जाऊन राहिलें आहे. ज्यास तें अनुभवावयाचें असेल त्यानें हिवाळ्यांतील एखाद्या रविवारीं पहाटे मार्केट यार्डाच्या फाटकापाशीं यावें आणि सायकलीचें तोंड पूर्वेकडे करावें.

तळ्यांची आवड असलेला पुणेकर बहुधा पश्चिमेकडे वळतो. खडकवासला, पानशेत, मुळशी, पवना हे जलाशय त्या बाजूस आहेत, आणि त्यांची शोभाही थोर आहे. परंतु तिकडे पाण्याभोवतीं डोंगर उभे आहेत. पन्नाशी ओलांडलेल्या गृहस्थास किंवा शाळकरी मुलास ते चढ झेपत नाहींत. पूर्वेकडे याच्या उलट स्थिति आहे. पुणें समुद्रसपाटीपासून सुमारें ५६० मीटर उंचीवर वसलें आहे, आणि तेथून शंभर किलोमीटरांवर, भिगवणजवळ पसरलेल्या यशवंतसागराची पूर्ण भरल्या वेळची पातळी सुमारें ४९७ मीटर आहे. म्हणजे सरासरीनें पाहिलें तर दर किलोमीटरास उतार अवघा दोन फुटांचा! लाव्हारसाचे थर एकावर एक आडवे पसरून दख्खनचें पठार बनलें, आणि भीमेनें व तिच्या उपनद्यांनीं लाखों वर्षें झिजवून त्यांत हें रुंद खोरें घडविलें. सायकलस्वाराच्या पायांना जो आराम मिळतो, त्याचें श्रेय या नद्यांना आहे.

मार्केट यार्डापासून निघण्यांत आणखी एक औचित्य आहे. पहाटेच्या वेळीं येथें मालमोटारींची रांग लागलेली असते. दौंड, पुरंदर, इंदापूर, शिरूर या तालुक्यांतून आलेली भाजी, फुलें, डाळिंबें, अंजीर, गूळ या फाटकांतून आंत जात असतात. हमालांच्या पाठीवरील पोतीं आणि आडत्यांचे पुकारे यांच्यामधून सायकल बाहेर काढून स्वार गोळीबार मैदानावरून पुलगेटास आणि तेथून सोलापूर रस्त्यास लागला, कीं तो त्या मालाच्या उलट दिशेनें, म्हणजे त्याच्या उगमाकडे, जाऊं लागतो. गृहिणीच्या पिशवींतील मेथीची जुडी कोणत्या वाटेनें आली, हें या रस्त्यावर तिला प्रत्यक्ष पाहावयास मिळतें.

हडपसर ओलांडेपर्यंत वाहनांची गर्दी सोसावी लागते. त्यापुढें लोणी काळभोर येतें, आणि खडकवासल्याच्या उजव्या कालव्याची सोबत सुरू होते. खडकवासल्याचें धरण १८७९ सालीं पुरें झालें. १९६१ च्या जुलैंत पानशेत फुटलें तेव्हां तेंही फुटलें. पुढें तें पुन्हां बांधलें गेलें आणि उजव्या तीरानें नवा कालवा काढण्यांत आला. हा कालवा सुमारें दोनशें किलोमीटर लांबीचा असून इंदापूर तालुक्यापर्यंत जातो. पुण्याच्या पूर्वेस पाऊस झपाट्यानें कमी होतो. दौंड-इंदापुराच्या बाजूस वर्षाकांठीं पांचशें मिलिमीटरांच्या आसपासच पडतो. तरीही रस्त्याच्या दुतर्फा ऊंस डोलतांना दिसतो, तो या कालव्याच्या जोरावर. जेथें कालव्याचा हात पोंचत नाहीं, तेथें लगेच बाभूळ आणि माळरान सुरू होतें. मोटारींत बसलेल्यास ही सीमारेषा जाणवत नाहीं. सायकलस्वारास ती नाकानें कळते. कारण ओलीचा गार वास एकाएकीं संपतो आणि धुळीचा सुरू होतो.

महामार्ग सोडून डावीकडे वळलें कीं थेऊर लागतें. मुळा-मुठेच्या वळणावर वसलेल्या या गांवीं चिंतामणीचें देऊळ आहे. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं येथेंच निवर्तले, आणि रमाबाई त्यांच्यामागें सती गेल्या. थेऊरहून कुंजीरवाडी, नायगांव अशा आडवाटेनें उरुळी कांचन गांठतां येतें. येथें १९४६ च्या मार्चमध्यें महात्माजींचा मुक्काम होता, आणि त्यांच्या प्रेरणेनें निघालेला निसर्गोपचार आश्रम आजही चालूं आहे. पुढें यवत, आणि उत्तरेकडे आंत गेल्यास राहूच्या बाजूचीं गुऱ्हाळें. ऊंसाच्या हंगामांत काहिलींतील रसाचा वास दूरवर येतो, आणि मागितला तर कोमट काकवीचा पेलाही मिळतो.

पहिल्या दिवशींचा पल्ला केडगांवापाशीं संपवावा. तो सुमारें पंचावन्न किलोमीटर भरतो. पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन येथें आहे. १८९६-९७ च्या दुष्काळांत निराधार झालेल्या मुलींना त्यांनीं आश्रय दिला, त्यांना अक्षरओळख व हातांना काम दिलें, छापखाना चालविला, आणि १९२२ सालीं त्यांनीं देह ठेवला तोही येथेंच. शहरांतील मनुष्य या गांवावरून आगगाडीनें शंभरदां जातो. पण तेथें उतरण्याचें कारण त्याला सांपडत नाहीं. सायकलस्वाराला रात्रीचा निवारा हवा असतो, म्हणून तरी तो थांबतो.

दुसऱ्या दिवशीं पाटस, कुरकुंभ आणि मग भिगवण. कुरकुंभच्या आसपास थोडे चढउतार आहेत. बाकी वाट सपाट. या खोऱ्याची सपाटी आगगाडीनेंही ओळखली होती. पुण्याहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग डिकसळपर्यंत १८५८ सालींच खुला झाला. डिकसळजवळ भीमेवर रेल्वेसाठीं बांधलेला दगडी पूल, धरणामुळें लोहमार्ग दुसरीकडे वळविल्यावर, रस्त्याच्या वाहतुकीसाठीं वापरांत आला. २०२३ सालीं त्याचा कांहीं भाग ढासळला.

आतां प्रत्यक्ष यशवंतसागराविषयीं. भीमेवर उजनी येथें बांधलेलें धरण १९८० सालीं पुरें झालें, आणि यशवंतराव चव्हाणांचें नांव त्याच्या जलाशयास देण्यांत आलें. त्यांत ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें. हिवाळ्यांत पाणी हळूहळू ओसरूं लागलें कीं कुंभारगांवाच्या कांठीं उथळ चिखल उघडा पडतो, आणि त्यांतील बारीक जीव व शेवाळ टिपण्यासाठीं रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. हिमालय ओलांडून आलेलीं बदकहंसें, चित्रबलाक, शराटी, अशीं कितीतरी पाखरें तेथें नजरेस पडतात. कोळी पहाटेच होड्या काढतात, आणि भिगवणच्या बाजारांत चिलापी, कटला, मरळ या मासळीचा लिलाव मांडला जातो. उघड्या पडलेल्या जमिनींत शेतकरी गाळपेर करतात. एकाच कांठावर पक्षी, कोळी आणि कुणबी असे तिघेही पोट भरीत असतात.

परंतु हें तळें निसर्गानें दिलेलें नव्हे. पुणें, सोलापूर आणि आतां अहिल्यानगर म्हणविल्या जाणाऱ्या जिल्ह्यांतील कित्येक गांवें त्याच्या पोटांत गेलीं आहेत. जुनें भिगवण पाण्याखालीं आहे. आजचें भिगवण वर येऊन पुन्हां वसलेलें. पळसदेवचें पळसनाथाचें पुरातन देऊळही बुडालें. पाणी फार आटलें म्हणजे त्याचें शिखर व सभामंडप उघडे पडतात. २०२४ च्या उन्हाळ्यांत तसे ते पडले होते, आणि आपल्या गांवच्या देवास पाय धुऊन भेटावें म्हणून माणसें चिखल तुडवीत गेलीं. हॉलंड देशांत लोक बांधावरून सायकली हांकतात. तेथें १९३२ सालीं बत्तीस किलोमीटर लांबीचा बांध घालून समुद्राचा फांटा तोडण्यांत आला आणि पुढें त्यांतून नवी जमीन काढण्यांत आली. तेथें माणसानें पाण्यापासून जमीन घेतली. भीमेकांठीं पाण्याकरितां माणसाची जमीन घेतली गेली. त्या पाण्यानें सोलापूरकडील शेतें भिजलीं, ही गोष्ट खरी. पण ज्यांचें घर गेलें त्यांचा हिशेब त्या भिजलेल्या शेतांत पुरता मिळत नाहीं.

आणखी एक गोष्ट पुणेकरानें या कांठावर उभें राहून पाहावी अशी आहे. मुळा-मुठा रांजणगांव सांडसजवळ भीमेस मिळते, आणि भीमा या जलाशयास. म्हणजे पुण्यांतील मोऱ्यांमधून जें सांडपाणी पुरतें शुद्ध न होतां नदींत जातें, तें अखेर येथेंच येतें. थेऊरच्या पुलावर जलपर्णीचा जो हिरवा गालिचा दिसतो तो शोभेचा नव्हे; सांडपाण्यांतील खतावर पोसलेली ती वनस्पति आहे. ज्या खोऱ्यांतून शहराच्या स्वयंपाकघरांत भाजी येते, त्याच खोऱ्यांत त्या स्वयंपाकघराचें खरकटें पाणी परत जातें. सायकलची गति तासास बारा-पंधरा किलोमीटर. तेवढ्या गतीनें गेलें म्हणजे ही देवघेव डोळ्यांआड करतां येत नाहीं. आणि या प्रवासाचा खरा लाभ हाच समजला पाहिजे.

जाणाऱ्यांसाठीं चार व्यवहाराच्या गोष्टी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यांत पश्चिमेचा वारा जातांना पाठीशीं असला तरी परततांना तोच छातीवर येतो. बाभळीचे कांटे या बाजूस फार. तेव्हां पंप, सोल्यूशन आणि जादा ट्यूब जवळ असावी. ऊंसाच्या हंगामांत ट्रॅक्टरमागील गाड्या अंधारांत अचानक पुढें येतात. म्हणून सूर्यास्तानंतर चाक फिरवूं नये, आणि मागें लाल दिवा लावल्यावांचून पहाटेही निघूं नये. महामार्गावर घाई असलेल्यांनीं जावें. सायकलस्वारानें शक्य तेथें गांवांतले रस्ते धरावे. परतीचे श्रम नको असतील त्यांस दौंडहून पुण्याकडे येणाऱ्या गाड्या आहेत.

शंभर किलोमीटरांचें नांव ऐकून कोणी बिचकण्याचें कारण नाहीं. पहिल्या रविवारीं थेऊरपर्यंत जावें, नदी पाहावी आणि दुपारच्या जेवणास घरीं परतावें. दुसऱ्या खेपेस उरुळी. भिगवण त्यानंतर, रोहित पक्षी मार्चपर्यंत तेथें असतात.