साखळी कुणी काढली?

लेकरांच्या फीसाठी तुरीची पोती विकून आलेले आईवडील, आणि आज ज्यांच्या हातात पदवी पडली त्या माझ्या मुलींनो आणि मुलांनो,

आज मराठीतच बोला, असं प्राचार्यांनी सांगितलं तेव्हा फार बरं वाटलं. इथे बसलेल्यांतल्या कितीतरी जणांच्या घरी, औराद, भालकी, कमलनगर, बसवकल्याण, आळंदकडे, मराठी बोलली जाते. बाजारात कन्नड, बसस्टँडवर दखनी आणि वर्गात इंग्रजी. मनोरुग्णांच्या शुश्रूषेच्या सगळ्या व्याख्या तुम्ही इंग्रजीत पाठ केल्यात. त्यांतल्या मुळाच्या चार गोष्टी मी आज घरच्या भाषेत सांगणार आहे, कारण उद्या तुमचा रुग्ण घरच्या भाषेतच बोलणार आहे.

माझं माहेर भालकी तालुक्यातलं. मी नऊ वर्षांची असताना माझ्या काकूला गोठ्यात बांधून ठेवलेलं होतं. पायात बैलाची साखळी, दुसरं टोक खुंट्याला. दुसऱ्या बाळंतपणानंतर ती रात्ररात्र जागी राहायची, कुणाशी तरी बोलायची, एकदा लेकराला घेऊन आडाच्या काठावर जाऊन उभी राहिली. घरचे दुष्ट नव्हते. भ्यालेले होते. 'बाहेरचं आहे' म्हणून अंगारे झाले, उतारे झाले, नवस झाले. शेवटी साखळी आली. तिची भाकरी नेऊन द्यायचं काम माझ्याकडे होतं. ताट ठेवून पळत यायचं, अशी मला ताकीद होती.

मग गावात लसी टोचायला येणारी नर्सबाई एक दिवस पाणी प्यायला आमच्या अंगणात थांबली आणि तिनं गोठ्यातला आवाज ऐकला. ती आत गेली. कुणाला काही बोलली नाही, पोतं अंथरून काकूशेजारी बसली. पुढच्या आठवड्यात परत आली, पुन्हा बसली. तिसऱ्या खेपेला तिनं काकूचे जटा झालेले केस तेल लावून सोडवले. चौथ्या खेपेला आजोबांना म्हणाली, 'अण्णा, हिला हैदराबादच्या दवाखान्यात नेऊ, मी सोबत येते.' गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांनी ती साखळी नर्सबाईनं स्वतःच्या हातानं काढली. आजोबांनी ती बैलाला परत बांधली नाही. आडात टाकली.

मी नर्स झाले ती त्या दिवसामुळे.

पुढे शिकताना पुस्तकात एक चित्र पाहिलं. तुम्हीही पाहिलंय. पॅरिसच्या दवाखान्यात डॉक्टर फिलिप पिनेल उभे आहेत आणि मनोरुग्णांच्या साखळ्या निघताहेत. पिनेल मोठेच होते. पण बिसेत्रच्या दवाखान्यात 1797 साली लोखंडी साखळ्या ज्यानं काढल्या, त्याचं नाव झां-बाप्तिस्त प्युसँ. तो डॉक्टर नव्हता. कातडी कमावण्याचा धंदा करणारा माणूस, गंडमाळेच्या आजारानं त्याच दवाखान्यात रुग्ण म्हणून आला, बरा झाला, तिथेच राहिला आणि वॉर्डाचा कारभारी झाला. रुग्णांवर हात उगारायला त्यानं नोकरांना बंदी केली, बऱ्या झालेल्या रुग्णांनाच कामावर घेतलं. त्याच्याकडून आपण शिकलो, हे पिनेल यांनी स्वतः लिहून ठेवलंय. मला त्याच्यात आमची नर्सबाई दिसते. रुग्णाजवळ दिवसरात्र जो असतो त्यालाच कळतं की हा माणूस कुठल्या वेळी शांत असतो, कुणाचा आवाज त्याला चालतो, साखळी कधी काढली तर चालेल. आणि तो जवळ असणारा माणूस म्हणजे तुम्ही.

ही झाली पहिली गोष्ट, जवळ असण्याची. नर्स हिल्डेगार्ड पेप्लाउ यांनी ती शास्त्र म्हणून मांडली. त्यांचं पुस्तक 1952 साली निघालं. लिहून चार वर्षं आधीच झालं होतं. पण डॉक्टरचं नाव सोबत नसताना एका नर्सनं एवढं पुस्तक छापणं त्या काळी फार धाडसाचं वाटलं. त्यांचं म्हणणं असं की नर्स आणि रुग्ण यांच्यातलं नातं हाच उपचाराचा भाग आहे. त्या नात्यात नर्सची पहिली भूमिका त्यांनी सांगितली ती अनोळखी माणसाची. याचा अर्थ नीट लक्षात घ्या. वॉर्डात शिरताच 'काय मावशी, कसं काय?' म्हणून खांद्यावर हात ठेवला की नातं जुळलं, असं होत नाही. ज्याला वाटतं की सगळं गाव आपल्या जिवावर उठलंय, त्याला तो हात मारेकऱ्याचा वाटेल. आधी नाव सांगा, मी कोण, किती वेळ बसणार, परत कधी येणार, ते सांगा. आणि सांगितलेल्या वेळी या. त्या नर्सबाईचं निम्मं औषध परत येण्यातच होतं.

दुसरी गोष्ट शब्दांची. आपल्याकडचा रुग्ण 'मला नैराश्य आलंय' असं म्हणत नाही. तो म्हणतो, करमत नाही. जीव घाबरतो. डोक्यात मुंग्या फिरतात. कन्नड बोलणारी आजी म्हणेल, मनस्सिगे बेजार. दखनी बोलणारा म्हणेल, जी घबरारा. डॉक्टरसाहेब मंगळूरकडचे असतील, केस शीट इंग्रजी असेल, आणि या सगळ्यांमध्ये पूल म्हणून तुम्ही उभे असाल. तेव्हा रुग्णाचं वाक्य आहे तसं, त्याच्याच शब्दांत उतरवा. 'लो मूड' लिहून मोकळे होऊ नका. 'माझ्या अंगातलं माणूसच निघून गेलंय' असं एक म्हातारा मला म्हणाला होता. मी ते तसंच लिहिलं. त्या एका ओळीवरून डॉक्टरांनी त्याची गोळी बदलली.

कुणी म्हणालं, 'शेजाऱ्यानं विहिरीत विष कालवलंय', तर वाद घालू नका आणि होकारही भरू नका. वाद घातलात तर तुम्ही शेजाऱ्याच्या बाजूचे ठरता. होकार भरलात तर त्याची भीती पक्की होते. म्हणा, 'मला तसं दिसत नाही. पण घोटभर पाणी प्यायचीसुद्धा तुम्हाला किती भीती वाटत असेल.' भीती खरी आहे. तिच्याशी बोला.

आणि एक प्रश्न विचारायला कधी कचरू नका. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं विचारल्यानं ज्याच्या मनात ते नव्हतं त्याच्या मनात ते येईल, ही समजूत चुकीची आहे. विचारल्यानं माणसाचं ओझं हलकं होतं. 'हो' म्हणाला तर पुढचं विचारा, कसं, कधी, घरात काय आहे. आपल्या भागात घरोघर तुरीवर फवारायच्या औषधाचा डबा असतो. नातेवाइकांना त्याच दिवशी सांगा, तो डबा घराबाहेर कुलपात ठेवा. एवढ्या एका कामानं जीव वाचतो. विष पिऊन आलेल्याला वॉर्डात कुणी टोचून बोलत असेल, तर त्याला थांबवा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 115 सांगतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून चालायचं, आणि त्याची काळजी घेणं हे सरकारचं कर्तव्य आहे.

तिसरी गोष्ट, डोळे उघडे ठेवण्याची. हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिल्यावर एखाद्या पोराची मान वाकडी होते, बुबुळं वर जातात, जीभ बाहेर येते. नातेवाईक हंबरडा फोडतात, 'बाहेरचं परत आलं!' आणि त्याला उचलून घरी नेतात. तो औषधाचा परिणाम आहे. फेनर्गनचं इंजेक्शन दिलं की बहुतेक वेळा थोड्याच वेळात उतरतो. असं होऊ शकतं, हे इंजेक्शनच्या आधीच घरच्यांना सांगितलं असतं, तर ते रुग्णाला घेऊन पळाले नसते.

लिथियमचंही तसंच. रक्तातलं त्याचं बरं प्रमाण आणि विषारी प्रमाण यांत अंतर फार थोडं: लिटरला 0.6 ते 1.2 मिलिइक्विव्हॅलंट ठीक, 1.5 च्या वर गेलं की धोका. आपल्या कलबुर्गीचा उन्हाळा 40 अंशांच्या पुढे जातो. रानात घाम गाळणाऱ्याच्या, जुलाब लागलेल्याच्या, कडक उपवास धरणाऱ्याच्या अंगातलं पाणी आणि मीठ कमी होतं आणि लिथियम चढतं. हात जोरात थरथरायला लागतात, उलट्या होतात, चाल दारू प्यायल्यासारखी होते. गाव म्हणतं, येड परत लागलं. तुम्ही म्हणायचं, पुढची गोळी थांबवा, लगेच डॉक्टरांकडे चला, रक्त तपासू.

चौथी गोष्ट देवाधर्माची. अफजलपूर तालुक्यात आपलं गाणगापूर आहे, भीमा-अमरजेचा संगम आहे. कर्नाटक-महाराष्ट्रातून माणसं तिथे दत्ताच्या पायाशी येतात. घरातल्या आजारी माणसाला 'बाधा झाली' म्हणून घेऊन येणारी कुटुंबंही त्यांत असतात. त्यांना हसू नका. ती माणसं आपल्या माणसाला टाकून आलेली नाहीत, शेकडो मैल घेऊन आलेली आहेत. त्यांना सांगा, पूजा करा आणि गोळीही द्या. देव गोळीला नाही म्हणत नाही. पण जिथे बांधणं-मारणं सुरू होतं तिथे गप्प बसू नका. तामिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे आग लागली तेव्हा 28 मनोरुग्ण जळून मेले. पायांत साखळ्या होत्या, त्यामुळे त्यांना पळता आलं नाही. आज त्याच मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 95 नं मनोरुग्णाला कुठल्याही प्रकारे साखळीनं बांधायला बंदी आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करण्याविरुद्ध महाराष्ट्रात 2013 चा आणि आपल्या कर्नाटकात 2017 चा कायदा आहे. आपल्या वॉर्डातही, रुग्ण स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठला आणि दुसरा उपाय उरला नाही, तरच त्याला धरून किंवा बांधून ठेवता येतं, तेही उपचार करणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीनं आणि लागेल तेवढाच वेळ. 'नाईटला स्टाफ कमी होता' हे कारण चालत नाही. ही ओळ मी मुद्दाम सांगते, कारण थकलेल्या नर्सच्या तोंडून मी ती ऐकली आहे, आणि एकदा स्वतःच्याही तोंडून.

आपला हा भाग मागास, इथे कोण काय करणार, असं तुम्हाला कुणी म्हणेल. त्याला बळ्ळारीचं सांगा. आपल्याच कल्याण कर्नाटकातल्या त्या जिल्ह्यात 1980 च्या दशकात निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेनं प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना मनोरुग्ण ओळखायला आणि सांभाळायला शिकवलं. त्यावरूनच 1996 साली देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. म्हणजे ही वाट देशाला आपल्या मातीनं दाखवली. पण काम संपलेलं नाही. 2015-16 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं की साधारण दर 10 प्रौढांत एकाला मानसिक आजार आहे आणि आजारागणिक 70 ते 92 टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. तज्ज्ञ डॉक्टर प्रत्येक गावात जाणार नाही. लस टोचायला, बाळंतिणीला बघायला, बीपी मोजायला तुम्ही जाणार आहात. टेलिमानस या मदतवाहिनीचा 14416 हा नंबर प्रत्येक घरात लिहून द्या. आणि स्वतःसाठीही जपून ठेवा. या कामात आपलंही मन शिणतं, तेव्हा मदत मागायला लाजू नका.

माझी काकू पुढे तीस वर्षं जगली. गोळ्या बंद केल्या म्हणून दोनदा पुन्हा आजारी पडली, दोनदा सावरली. माझ्या लग्नात पन्नास माणसांच्या पोळ्या तिनं लाटल्या. घोट्यावरचा साखळीचा वण मात्र गेला नाही. तो दिसू नये म्हणून ती लुगडं कायम खाली ओढायची. म्हातारपणी मी तिला एकदा विचारलं, त्या दिवसांतलं तुला काय आठवतं? मला वाटलं, साखळी म्हणेल. ती म्हणाली, 'ती बाई बसली होती बघ माझ्याजवळ.'

मुलींनो, मुलांनो, पहिल्या ड्युटीवर जाल तेव्हा कामं खूप असतील, हँडओव्हर असेल, गोळ्यांचा राउंड असेल. तरी एका रुग्णाजवळ स्टूल ओढून पाच मिनिटं बसा. नाव सांगा. उद्या परत येते म्हणा, आणि या.