वर्गातील गोंधळ आणि पोलिसाचा दंडुका
(वेस्ट बे येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



वेस्ट बेच्या या उंच इमारतींच्या छायेत आम्ही जमलो, की बोलणे मुलांच्या टक्केवारीवर येते आणि मग हळूच त्यांच्या शिस्तीवर. ‘फार वात्रट झालाय, एकदा पोलिसांच्याच ताब्यात द्यायला हवा,’ असे आमच्यातलेच पालक हसत म्हणतात. त्या हसण्याविषयी आज आम्हांस बोलायचे आहे.

मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या पेटल्या. ऑगस्टमध्ये नागपुरात निषेध करणाऱ्या जनसमुदायावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. अविनाश डोंगरे हा कोवळा बालक त्यात बळी गेला. इंदोऱ्याच्या दहा नंबर पुलाचे नाव निघाले, की नागपूरकरांचा आवाज आजही बदलतो. पण तो रस्ता होता. शाळेत छडी होती, अपमानही होता. दंडुका मात्र फाटकाबाहेर असे.

अमेरिकेत तो फाटकाच्या आत आला. तेथील कित्येक शाळांत पोलीस कायमचा नेमलेला असतो. २६ ऑक्टोबर २०१५ रोजी दक्षिण कॅरोलिनातील कोलंबिया शहरी, स्प्रिंग व्हॅली हायस्कूलच्या गणिताच्या तासाला एक कृष्णवर्णीय मुलगी वर्गाबाहेर जाईना. अपराध काय, तर मोबाईल काढला होता. शिक्षक हरले, शाळेच्या अधिकाऱ्याने पोलीस बोलावला आणि त्याने तिला बाकासकट उलथवून फरफटत नेले. या प्रकाराविरुद्ध आवाज उठविणाऱ्या दुसऱ्या विद्यार्थिनीलाही अटक झाली. चित्रफीत जगभर गेली तेव्हा दोन दिवसांत पोलिसाची नोकरी गेली. पण त्याच्यावर खटला भरला गेला नाही.

मुलींवर कलम लागले ते ‘शाळेत व्यत्यय’ आणल्याचे. तो कायदा मूळचा १९१९ चा, मुलींच्या शिक्षणसंस्थांना बाहेरच्या टवाळांचा उपद्रव होऊ नये म्हणून केलेला! पुढे तो विद्यार्थ्यांवरच उलटला आणि त्यात कृष्णवर्णीय मुले संख्येच्या मानाने फार अधिक सापडली. ‘व्यत्यय’ हा शब्द असा सैल, की एकाच्या मुलाची ती खोडी ठरते आणि दुसऱ्याच्या मुलाचा गुन्हा. हा न्याय आम्हांस परका नाही. २०१८ मध्ये तेथील विधिमंडळाने कायदा बदलला, आणि २०२३ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने विद्यार्थ्यांवरील त्याचा वापर घटनाबाह्य ठरविला.

मायदेशी कागद भक्कम आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ शारीरिक शिक्षा व मानसिक छळ मना करतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ प्रमाणे बालकास कोठडीत वा तुरुंगात ठेवता येत नाही. २०१६ च्या नियमांनी बेडी आणि बळजबरी दोन्ही वर्ज्य केल्या आहेत. कागद आणि ठाणे यांतले अंतर आपण जाणता.

येथे आपण परक्या कायद्याखाली राहतो. नोकरी, निवास, मुलांची शाळा सारे एका कागदावर टांगलेले. म्हणून पालकसभेत शिस्तीच्या नियमांची प्रत मागावी. पोलिसांना केव्हा बोलावतात, त्याआधी पालकांना कळवितात काय, चौकशीच्या वेळी आई किंवा वडील जवळ असू शकतात काय, हे नम्रपणे, परंतु लेखी विचारावे. प्रत्येक शाळेसाठी दोन पालकांची नावे आज जेवणापूर्वी चिटणिसांकडे द्यावीत, ही विनंती.